२/३ चा घन ६/९ लिहिणाऱ्या मुलांचा सराव कसा घ्यावा

प्रश्न एका नव्या शिक्षिकेचा आहे. सातवी-आठवीला गणित शिकवतात, शाळेतलं पहिलंच वर्ष. त्या लिहितात की २^५, ५^३ अशी गणितं मुलं बिनचूक सोडवतात, पण पायात, म्हणजे ज्या संख्येचा घात घ्यायचा तिच्यात, अपूर्णांक आला की वर्ग गडबडतो. (२/३)^३ चं उत्तर कुणाचं ६/९, कुणाचं ८/३, कुणाचं २/२७. घातांक ऋण झाला की उत्तरालाही ऋण चिन्ह चिकटतं. नियमांचा तक्ता भिंतीवर आहे, रोज पंचवीस गणितांचा गृहपाठ आहे, तरी फरक पडत नाही. सराव द्यायचा तरी कसा?

(टंकताना घातांक वर चढवता येत नाही, म्हणून इथे ^ ही खूण वापरतो. फळ्यावर मात्र नेहमीसारखंच लिहा.)

मॅडम, आधी ती पंचवीस गणितं थांबवा. ज्या मुलाच्या डोक्यात रीतच चुकीची बसली आहे, त्याने पंचवीस गणितं केली की ती चुकीची रीत पंचवीस वेळा घोटून पक्की होते. मी सव्वीस वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवतो आहे आणि सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही हेच केलं. वह्या भरत होत्या, मी रात्री बसून तपासत होतो, आणि सहामाहीला तीच मुलं त्याच जागी चुकत होती. मग एका वर्षी नुसत्या चुका वेगळ्या काढून बसलो. तेव्हा लक्षात आलं की मुलांना घात म्हणजे काय हे माहीत असतं. त्यांना दोनच गोष्टी दिसत नसतात. घातांक नक्की कोणाला लागू आहे ही एक, आणि उत्तर पायापेक्षा लहान येणार की मोठं ही दुसरी. या दोन प्रश्नांभोवती सगळा सराव बांधा. नियमांचा तक्ता महिनाभर उतरवून ठेवला तरी चालेल.

आता त्या ६/९ कडे येऊ, कारण सगळ्यात जास्त सापडणारी चूक तीच आहे आणि शिकवायला सगळ्यात सोन्यासारखी चूकही तीच आहे.

सातवीतला एक मुलगा होता. तोंडी हिशेबात पटाईत, पण (२/३)^३ दिलं की न चुकता ६/९. त्याला फळ्याशी बोलावलं आणि चूक-बरोबर काहीच न बोलता म्हटलं, "उत्तर संक्षिप्त रूपात लिही." त्याने तीनाने भागून २/३ लिहिलं. विचारलं, "सुरुवात कुठून केली होतीस?" म्हणाला, "दोन छेद तीन." "तीन वेळा घेऊन गुणलंस. मग पोचलास कुठे?" तो खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिला. मग म्हटलं, (३/५)^२ तुझ्याच रीतीने कर. त्याने ६/१० लिहिलं, त्याचं ३/५ केलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, असं केलं तर दर वेळी परत तेच येणार."

त्या वाक्यात सगळं आलं. अंश आणि छेद दोघांना एकाच संख्येने गुणलं की सममूल्य अपूर्णांक मिळतो, हे तो पाचवीतच शिकला होता. घाताच्या नावाखाली तो सममूल्य अपूर्णांक काढत होता. ही चूक ज्याला स्वतः सापडते, त्याच्याकडून ती सहसा पुन्हा होत नाही. तुम्ही लाल फुली मारून शेजारी ८/२७ लिहिलंत तर मात्र तो फक्त ८/२७ पाठ करील. म्हणून वर्गात ६/९ आलं की ते पुसू नका, संक्षिप्त रूप द्यायला सांगा आणि गप्प राहा.

यानंतर ८/२७ का, हे हाताने दाखवा. मुलांपैकी कुणाकडे तरी रुबिक क्यूब असतोच, तो आणायला सांगा. तीन बाय तीन बाय तीन, म्हणजे २७ लहान घन (मधला दिसत नाही, तो आहे असं धरायचं). आता २/३ घ्यायचे, म्हणजे तीनपैकी दोन थर ठेवायचे. वरचा थर तळहाताने झाका, उरले १८. त्या १८ चे पुन्हा २/३ ठेवायचे, म्हणून उजवीकडचा थर झाका, उरले १२. समोरचा थर झाका, उरले ८. सत्तावीस, अठरा, बारा, आठ. हे आकडे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. एकूण २७ होते कारण छेदातला ३ तीन वेळा गुणला गेला, उरले ८ कारण अंशातला २ तीन वेळा गुणला गेला. घातांक अंशालाही लागतो आणि छेदालाही, हे नियम म्हणून सांगायची गरज उरत नाही. क्यूब नसेल तर २७ चिंचोके घ्या आणि दर वेळी तीन सारखे वाटे करून एक वाटा बाजूला काढा. मला स्वतःला चिंचोके जास्त आवडतात, कारण प्रत्येक मुलाच्या हाताला काम मिळतं.

८/३ आणि २/२७ या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. तिथे मुलाला गुणाकार कळलेला असतो, कंस दिसत नसतो. आणि याला बऱ्याचदा आपलं अक्षर जबाबदार असतं. फळ्यावर घाईत कंस लहान काढला, घातांक अंशाच्या डोक्याजवळ पडला, की मागच्या बाकावरून ते २^३/३ असंच दिसतं. अपूर्णांकाएवढा उंच कंस, आणि घातांक कंसाच्या बाहेर, वरच्या उजव्या कोपऱ्यात. मुलांच्या वहीतही हाच आग्रह धरा. चौकटीच्या वहीत अपूर्णांकाला दोन चौकटी आणि कंसालाही दोन चौकटी दिल्या की बराच गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा उपाय वाचनाचा. सोडवण्याआधी गणित मोठ्याने वाचायला लावा. "दोन छेद तीनचा घन" असं वाचलं तर घन तीनाचा की सगळ्याचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. "कंसात दोन छेद तीन, कंस पूर्ण, त्याचा घन" असं म्हणवून घ्या. "कंस पूर्ण" हे दोन शब्द तोंडात बसले की डोळे कंस शोधायला लागतात. सेमी इंग्रजीची मुलं "टू बाय थ्री, होल क्यूब" म्हणतात. तिथे "होल" हा शब्द तेच काम करतो, फक्त तो गाळू देऊ नका. मग ही तीन गणितं एकाखाली एक द्या:

(२/३)^३ = ८/२७
२^३/३ = ८/३
२/३^३ = २/२७

पहिलं पाव भागाच्या थोडं वर, दुसरं अडीचपेक्षा मोठं, तिसरं दहाव्या भागाहूनही लहान. उत्तरं काढून झाली की तिन्ही संख्यारेषेवर ठेवायला सांगा. कंस हलला की उत्तर कुठल्या कुठे जातं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता दुसरा प्रश्न, लहान की मोठं. सुरुवातीपासून मुलांनी २, ४, ८, १६ असे वाढत जाणारेच घात पाहिलेले असतात. त्यामुळे "घात म्हणजे मोठं होणं" हे त्यांच्या मनात नकळत बसलेलं असतं. ते हलवल्याशिवाय अपूर्णांकांचे घात पटत नाहीत. माझ्या वर्गात नियमच आहे: गणित सोडवण्याआधी समासात "ल" किंवा "मो" लिहायचं. उत्तर पायापेक्षा लहान येणार की मोठं, तेवढंच. (२/३)^४ ला ल, (३/२)^४ ला मो. सोडवून झाल्यावर तोच त्यांचा ताळा. १६/८१ आणि ८१/१६ समोरासमोर लिहिले, एक पाव भागाच्याही खाली आणि दुसरा पाचाच्या वर, की बोलायला काही उरत नाही.

यासाठी एक खेळ चांगला चालतो. फळ्यावर ९/१० लिहा आणि विचारा, कितव्या घाताला हा अर्ध्याच्या खाली जाईल? सगळ्यांनी अंदाज वहीत लिहून ठेवायचा. दहा, वीस, "कधीच नाही", असे अंदाज येतात. मग कॅल्क्युलेटर द्या, मोबाइलवरचा चालेल, आणि ०.९ ने गुणत जायला सांगा. सहाव्या घाताला ०.५३ च्या आसपास आणि सातव्याला ०.४८ च्या आसपास. फक्त सातव्याच वेळी अर्ध्याखाली! इथे गुणाकार महत्त्वाचा नाही, म्हणून कॅल्क्युलेटरला माझी हरकत नसते.

दुकानातलं उदाहरणही द्या. वीस टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के. मुलं चाळीस टक्के म्हणतात. पण एकदा सूट म्हणजे किंमत ४/५ झाली, दोनदा म्हणजे (४/५)^२ = १६/२५. शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट. सूट छत्तीसच टक्के. हे घरी जाऊन आईवडिलांना सांगतात मुलं.

आणि कागद. हे मी दर वर्षी करतो, कारण यात शून्य घातांकही आपसूक येतो. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-४ कागद घ्या. त्याच्या नावातला ४ म्हणजे घातांकच आहे. ए-० हा कागद एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा. तो मधोमध कापला की ए-१, तो कापला की ए-२, असं चार वेळा केलं की ए-४. म्हणजे ए-४ चं क्षेत्रफळ (१/२)^४ चौरस मीटर, सोळावा भाग. आता पाकिटावर बघा, "८० जीएसएम" लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम, असा त्याचा अर्थ. मग एका ए-४ चं वजन किती? ८० चा सोळावा भाग, ५ ग्रॅम. दहा कागद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, ५० च्या आसपास दाखवतो. पाचशेचं रीम अडीच किलो. फळ्यावरच्या (१/२)^४ ने काट्यावरचा आकडा आधीच सांगितला, याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. सोळा कागद चार बाय चार असे चिकटवून भिंतीवर लावले की ए-० तयार होतो.

मग विचारा, ए-० मध्ये शून्य का? कारण तो एकदाही कापलेला नाही. एकदाही अर्धा न केलेला कागद म्हणजे पूर्ण कागद, म्हणून (१/२)^० = १. "कोणत्याही संख्येचा शून्य घात एक" हे पाठ करणाऱ्या मुलांना पहिल्यांदा त्यात काही अर्थ दिसतो. आकारांची ही पद्धत जर्मनीत १९२२ साली ठरली, आणि त्या जर्मन मानकात ए-० च्या दुप्पट कागदही होता. म्हणजे कापायच्या ऐवजी उलट दिशेने एक पायरी, (१/२)^-१ = २. हुशार मुलांना एवढा धागा पुरतो.

बाकीच्यांना ऋण घातांकासाठी मी जुनी मापं सांगतो. प्रांतानुसार त्यांत फरक होता, पण खूप घरांतल्या आजीला हे कोष्टक अजून येतं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. शेर म्हणजे १ धरला तर तो २^०. पायली २^२, मण २^६. आता खाली या. मापटं अर्धा शेर, २^-१. चिपटं पाव शेर, २^-२. कोळवं २^-३, निळवं २^-४. इथे एकही माप ऋण नाही! चिपटंभर तांदूळ म्हणजे उणे तांदूळ नव्हेत, ते फक्त शेरापेक्षा कमी आहेत. घातांकातलं ऋण चिन्ह उत्तराला ऋण करत नाही, हे सांगण्याची यापेक्षा चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. पुढे विचारा, मणात चिपटी किती? २^६ ÷ २^-२ = २^८ = २५६. आजीच्या कोष्टकाने ताळा करा: मणाचे ६४ शेर, शेराची चार चिपटी, २५६.

नंतर पायात अपूर्णांक ठेवून हीच शिडी वहीत उतरवून घ्या, पण वरच्या दोनच पायऱ्या भरून द्या:

(२/३)^२ = ४/९
(२/३)^१ = २/३
(२/३)^० =
(२/३)^-१ =
(२/३)^-२ =

एक पायरी खाली उतरताना काय होतं, हे शोधणं मुलांचं काम. दर पायरीला २/३ ने भागायचं, म्हणजे ३/२ ने गुणायचं. त्यांना १, ३/२, ९/४ मिळतात. मग त्यांनाच विचारा, ९/४ बघून काय दिसतं? "उलटं करून घात घ्यायचा" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुमच्या तोंडून आलं तर ते तक्त्यावरच्या नियमांपैकी एक होऊन बसतं. गुणाकार व्यस्त हा शब्द त्यानंतर द्या.

ऋण चिन्ह पायात असेल तर पुन्हा कंसाचाच मुद्दा येतो. (-२/३)^४ = १६/८१, पण -(२/३)^४ = -१६/८१. चिन्ह कंसाच्या आत असेल तर तेही चार वेळा गुणलं जातं, बाहेर असेल तर ते एकदाच. मुलांना चारही अवयव लिहायला लावा, दोन दिवसांत जमतं.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकावर जरा जास्त थांबा, कारण तिथे मराठीच आपल्या मदतीला येते. साडेतीनचा वर्ग विचारला की मुलं तीनाचा वर्ग नऊ आणि अर्ध्याचा वर्ग पाव करून "सव्वानऊ" म्हणतात. त्यांना म्हणा, तीनाचा वर्ग ९, चाराचा १६. साडेतीन बरोबर मध्ये, मग त्याचा वर्ग नवाला एवढा चिकटलेला कसा असेल? मग ७/२ करून ४९/४, म्हणजे सव्वाबारा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत अपूर्णांकांच्या वर्ग-घनासाठी साडेतीनच घेतले आहेत: त्यांचा वर्ग काढ, घन काढ, आणि त्यांवरून परत मूळ संख्येवर ये. म्हणजे पौणेनऊशे वर्षांपूर्वीही विद्यार्थ्यांना याच जागी उभं केलं जात होतं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. वर्गात हे सांगितलं की मुलं सावरून बसतात, असा माझा अनुभव आहे.

साडेतीनवरून पुढे जा. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, सगळ्यांचे वर्ग काढायला लावा. सव्वादोन, सव्वासहा, सव्वाबारा, सव्वावीस, सव्वातीस. एका वर्षी तिसऱ्याच उत्तराला एक मुलगी ओरडली, "सर, सगळीकडे सव्वाच येतोय!" अपूर्णांक रूपात ९/४, २५/४, ४९/४ लिहिलं असतं तर तिला ते दिसलं नसतं. मराठी नावांमुळे दिसलं. मग दोन, सहा, बारा, वीस, तीस म्हणजे काय? एक दुणे, दोन त्रिक, तीन चोक, चार पाचे, पाच सक. साडेनऊचा वर्ग आता तोंडी येतो: नऊ दाहे नव्वद, सव्वानव्वद. आठवीच्या मुलांकडून (न + १/२)^२ चा विस्तार करून घ्या, कारण त्यांना स्वतःच सापडेल. आमच्या आधीच्या पिढीला निमकी, दिडकी, औटकी (अर्ध्याचे, दीडचे, साडेतीनचे पाढे) पाठ असत. त्या परत आणा असं मी म्हणत नाही, पण त्या नावांत जो हिशेब दडलेला आहे तो मुलांपर्यंत पोचायला हवा.

उलटा सराव हा सगळ्यात कमी दिला जातो आणि सगळ्यात जास्त शिकवतो. घात काढा असं न म्हणता उत्तर द्या आणि विचारा, हा कोणाचा घात? फळ्यावर १/६४ लिहा आणि दहा मिनिटं सोडून द्या. आधी (१/८)^२ येतो. मग कुणीतरी (१/४)^३ म्हणतं, आणि (१/२)^६. त्यानंतर शांतता. थोडं थांबा. घाई केलीत तर पुढचं येणार नाही. मग कुणाला तरी (-१/८)^२ सुचतो, आणि लगेच वाद होतो की मग (-१/४)^३ का चालत नाही. तो वाद तुम्ही सोडवू नका, त्यांनाच गुणून बघू दे. ऋण घातांक झालेला असेल तर २^-६, ४^-३, ८^-२ येतात. (१/४)^३ आणि (१/२)^६ एकच कसे, या प्रश्नातून घाताचा घात हा नियम निघतो: १/४ च्या जागी (१/२)^२ ठेवा. एका संख्येवर पूर्ण तास जातो. तो तास वाया गेला असं वाटू देऊ नका. ८१/१६ आणि १६/६२५ ही पुढच्या दिवसांसाठी चांगली आहेत.

यासाठी काही गोष्टी मात्र पाठ असाव्याच लागतात. वीसपर्यंतचे वर्ग, दहापर्यंतचे घन, २ चे घात १०२४ पर्यंत, ३ चे २४३ पर्यंत, ५ चे ६२५ पर्यंत. ज्याला ६२५ बघून ५ आठवत नाही, त्याला उलटं गणित म्हणजे डोळ्यांवर पट्टी. रोज तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं म्हणून घ्या.

पत्त्यांचा खेळही करून बघा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चाळीस पत्ते होतात. प्रत्येक किमतीचे चार: (३/४)^२, ९/१६, (४/३)^-२, (-३/४)^२. चौघांनी चौकडी जमवायची. मी मुद्दाम प्रत्येक किमतीबरोबर एक फसवा पत्ताही ठेवतो, इथे ६/८. ज्याच्याकडे तो चौकडीत सापडतो त्याने तो का फसवा आहे हे सांगायचं. शिष्यवृत्तीच्या बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय बऱ्याचदा असेच, मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून बेतलेले असतात. त्या पर्यायांमागची चूक ओळखता आली की परीक्षेची भीती निम्मी होते.

आठवीत अपूर्णांक पायातून उठून घातांकात जाऊन बसतो, आणि तो वेगळाच विषय आहे हे मुलांना स्पष्ट सांगा. ८^(१/३) दिसलं की पुष्कळ जण ८/३ लिहितात. इथे प्रश्न बदलायचा: कोणती संख्या तीन वेळा घेऊन गुणली की ८ होतात? २. घातांकांची बेरीज करून पटवा, १/३ + १/३ + १/३ = १, म्हणून तीन वेळा गुणून ८^१ यायलाच हवेत. ६४^(२/३) सारख्या गणितात आधी मूळ काढा, मग घात: घनमूळ ४, वर्ग १६. आधी वर्ग केला तर ४०९६ चं घनमूळ शोधत बसावं लागतं. (८/२७)^(-२/३) हे शेवटी द्या. उलटा, घनमूळ, वर्ग, ९/४. मात्र पायातले अपूर्णांक पक्के होईपर्यंत हे सुरूच करू नका, दोन्हींची सरमिसळ होते.

रोजच्या गृहपाठाला सात गणितं पुरेत. माझ्या एका दिवसाचा कागद असा असतो:

(४/५)^२ आणि (५/४)^२
(-१/२)^५ आणि (-१/२)^६
(२/३)^३ × (३/२)^२
(१/२)^२ + (१/२)^३ = (१/२)^५, बरोबर की चूक?
२७/१२५ हा कोणाचा घात?

जोड्यांमध्ये फरक एकाच गोष्टीचा असतो, म्हणजे मुलाची नजर तिथेच जाते. तिसऱ्या ओळीतलं गणित गुणाकार न करता नुसतं बघून सुटायला हवं, उत्तर २/३. चौथं बेरजेचं आहे. पाव आणि अर्धपाव मिळून ३/८ होतात, आणि १/३२ तर दोन्हींपेक्षा लहान. "बेरीज करून कमी झालं का?" एवढंच विचारा. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागच्या आठवड्यातलं एखादं गणित यात मिसळा.

हे सगळं करूनही दोन-तीन मुलं अडलेलीच राहतील. त्यांना घातांक शिकवत बसू नका. २/३ × २/३ करायला द्या. तिथेच अडत असतील, छेद समान आहेत म्हणून उत्तर ४/३ देत असतील, तर त्यांची अडचण अपूर्णांकांच्या गुणाकारात आहे आणि आठवडाभर चिंचोक्यांवर तेवढाच करावा लागेल. वर्गाच्या मागे पडतील म्हणून घाबरू नका, हा आठवडा भरून निघतो.

महिन्याने ती जुनी वही, पंचवीस-पंचवीस गणितांची, प्रत्येकाच्या हातात परत द्या. खोडरबर आणि लाल पेन दोन्ही बाजूला. आपली चुकलेली गणितं आपणच शोधायची, जुनं उत्तर तसंच ठेवायचं, आणि शेजारी एका ओळीत लिहायचं की तेव्हा मी काय धरलं होतं. "मी ३ ने गुणलं." "मला कंस दिसला नाही." "मी ऋण चिन्ह खाली आणलं." त्या ओळी तुम्ही वाचा, पुढच्या वर्षीच्या सातवीला कुठून सुरुवात करायची ते त्यांतच लिहिलेलं सापडेल.